चिंचेचा कोळ

मृतांच्या मिस्साच्या आदल्या संध्याकाळी
रेमेतमावशी देवळात येते
हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीत चिंचेचा कोळ घेऊन,
खांद्यावर लुगड्याचं धडपं.
"स्टूल आण," म्हणते, "डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठा घाल."
आजवर ती चढायची, मी स्टूल धरायचो.
यंदा तिने बाकावर बूड टेकलं, बरणी माझ्याकडे दिली
आणि गुडघ्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावरच्या भिंतीत
पितळेची पाटी आहे, दीड वीत उंच.
चार नावं. चौघंही याच आळीतली,
मिठागरं सोडून बोटीवर गेलेली,
तीन आगवाले, एक भंडारी.
लढाई कुणाची, ते पाटीवर नाही.
कुठल्या पाण्यात, तेही नाही.
साल आहे, कुरूस आहे, चार खिळे आहेत,
त्यातला एक मागाहून मारलेला.

दुसरं नाव मावशीच्या बापाचं.
तो गेला तेव्हा ती आईच्या पोटात.
फोटो नाही. एक टिनाची पेटी आली होती म्हणतात,
ती रॉकेलच्या टंचाईत विकली.
आई तिला कडेवर उचलून भिंतीशी धरायची,
"पप्पाला हात लाव."
मग ती उंच झाली, मग स्टूल आलं,
मग मी.

जवळून पाहिलं तेव्हा कळलं.
पास्कूची अक्षरं नखाला लागतात,
दुमिंगची, बस्त्यावची लागतात.
दुसरी ओळ मात्र
धुऊन धुऊन उरलेल्या साबणाच्या वडीसारखी.
मोबाईलचा उजेड आडवा टाकला
तर कुठे एक इ, एक न,
पुढे नुसती चकाकी.

कमिटीने ग्रॅनाइट ठरवलंय.
घोडबंदर रोडच्या टॉवरमधले एक मंगळुरी गृहस्थ खर्च देणार,
नावं मशीनवर कोरून येतील, सोनेरी.
फादरनी स्पेलिंग विचारलं.
रजिस्टरमध्ये इग्नेशियस, पाटीवर इनास,
आई म्हणायची इनू.
मावशी म्हणाली, "तुमच्या मशीनला काय झेपेल ते लिवा."

मी तीन नावं जोर लावून घासली.
दुसऱ्यावरून फडकं नुसतं फिरवलं, फुंकर घातल्यासारखं.
मागून आवाज आला:
"त्याला काय वशिल्याचा ठेवलायस? घास."
"झिजतंय, मावशी."
"घास. त्याला काय दुखतंय?"

घासलं.

दफनभूमीत दुसऱ्या दिवशी गर्दी.
जुन्या कबरी चुन्यात, नव्या झेंडूत,
कुणी बिसलेरीच्या अर्ध्या बाटलीत मेणबत्ती लावलेली
खाडीकडच्या वाऱ्यापासून वाचवायला.
इथे सात वर्षांनी जागा रिकामी करतात,
हाडं भिंतीतल्या खणात जातात, मग खणही भरतात.
मावशी नेहमी म्हणते, माझ्या बापाला कोण उठवणार,
आणि हसते, एकच दात दिसेल इतकं.

फादरनी वर्षभरातल्यांची यादी वाचली. एकोणीस.
डिसोझा, कुरियन, लोबो, एक तमिळ नाव
जे त्यांनी दोनदा सुरू केलं.
आळीतलं एकच, आमच्या शेजारचा कायतान.
यादी संपली, पान उलटलं,
आणि त्या फटीत
शेवटच्या रांगेतून मावशीने दरवर्षीसारखी
चार नावं म्हटली, बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारावी तशी.
नवीन लोकांनी मागे वळून पाहिलं.
एका पोरीने आईला विचारलं, ती कुणाला बोलावतेय?

रात्री जेवताना बोटांना वास येत होता,
चिंच, पितळ, थोडं मेण.
तीनदा हात धुतले, मग सोडून दिलं.
बरणी अजून माझ्याकडेच आहे.
तिने परत मागितलेली नाही.